पंचविसावी खोली

माझ्या मामाला ऑफिसात सगळे ब्लेड म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या पाकिटावर तेवढं उरलं होतं. कुणी त्या नावाने हाक मारलीच तर मामा इकडेतिकडे बघायचा, दुसऱ्याच कुणाला बोलावलंय असं समजून.

मामा नकाशे काढायचा. ड्राफ्ट्समन. तेव्हा नकाशे कॉम्प्युटरवर होत नसत. मोठ्या तिरक्या बोर्डावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा आणि त्यावर शाईने रेघा मारायच्या. शाईची रेघ चुकली की ती रबराला दाद देत नाही. अर्धं ब्लेड बोटांत आडवं धरायचं, श्वास रोखायचा आणि रेघ हलक्या हाताने खरवडून काढायची. मग ती जागा अंगठ्याच्या नखाने घोटायची, म्हणजे वर नवी रेघ मारली तरी शाई फुटत नाही. बाकीच्यांनी खरवडलेलं लगेच दिसायचं, कागदाला भोक पडायचं नाहीतर डाग. मामाने खरवडलेलं कुणाच्या बापाला कळत नसे. म्हणून ब्लेड.

त्याने लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "बोर्ड मांडल्यावर घरात पलंगालाच जेमतेम जागा उरते, बायको कुठे ठेवू?" त्याचं घर म्हणजे दोन खोल्या. एकीत बोर्ड, दुसरीत उरलेलं सगळं आयुष्य. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. माझे वडील मी तीन वर्षांची असताना गेले. त्यामुळे घरात पुरुष म्हणून, खिळा ठोकायला म्हणून आणि माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायला म्हणून मामाच होता. गणित मला त्यानेच शिकवलं. चिडका होता, पण हात कधी उगारला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच वाईट सांगणार आहे.

शहरातलं ते मोठं हॉटेल मामाच्या बोर्डावर जन्मलं. म्हणजे डोकं थोरल्या साहेबांचं, मामाच्या ऑफिसचे मालक आणि आर्किटेक्ट तेच. पण एकूण एक रेघ मामाची. जिथे आज हॉटेल आहे तिथे पूर्वी लाकडाची वखार होती. नऊ महिन्यांत इमारतीने कागदावर तीन रूपं घेतली. आधी दोन मनोरे निघाले. हॉटेलचे मालक म्हणाले, ही तर कारखान्याची धुराडी. मग गोल इमारत निघाली. ती सगळ्यांना फार आवडली, फक्त गोल भिंतीला चौकोनी पलंग कसा लावायचा हे कुणाला सांगता येईना. शेवटी सरळ, लांबट, चौदा मजली इमारत ठरली. खालच्या दोन मजल्यांवर स्वागतकक्ष, जेवणाचा हॉल आणि समारंभांची जागा. वरच्या बारा मजल्यांवर नुसत्या खोल्या.

या बारा मजल्यांचा नकाशा एकच. एकदा काढायचा आणि खाली कोपऱ्यात लिहायचं, 'मजला तीन ते चौदा'. धंद्यात त्याला टिपिकल फ्लोअर म्हणतात. बारा वेळा तेच कशाला काढायचं? मामा मला सांगायचा, "टिपिकल फ्लोअरवर हात फार जपून चालवावा लागतो. इथे एक रेघ हलली की इमारतीत बारा भिंती हलतात."

बांधकाम सुरू होण्याआधी एका रिकाम्या गोदामात प्लायवूडची नमुन्याची खोली उभी केली. हुबेहूब खोली: पलंग, कपाट, न्हाणीघर, नळसुद्धा. त्यात एकेकाने झोपून बघायचं. मालक झोपले, मालकांची आई झोपली, थोरले साहेब झोपले. म्हातारीने सांगितलं की नळाचा आवाज दात खाल्ल्यासारखा येतो, नळ बदलला. मामाची पाळी आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दिव्याचं बटण पलंगावरून हाताला येत नाही. त्याने बटण वीतभर इकडे सरकवलं. याचा त्याला इतका अभिमान होता की विचारू नका. "तीनशे खोल्यांत माणसं पडल्या पडल्या दिवा मालवतात," तो म्हणायचा, "ते माझ्यामुळे." हे वाक्य मी लहानपणापासून किमान शंभर वेळा ऐकलं असेल.

त्या तीनशेंची गोष्ट मात्र त्याने कधी सांगितली नाही.

हॉटेल उघडलं त्याच वर्षी आईला तिथे नोकरी लागली. मामानेच साहेबांकडे शब्द टाकला होता. तेव्हा आईला त्या नोकरीची किती गरज होती हे सांगायला नको, पदरात मी होते. सातव्या मजल्यावर हाउसकीपिंग. खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, टॉवेल मोजून ठेवायचे. सत्तावीस वर्षं ती सातव्या मजल्यावरच राहिली. लोक बढती मिळून वर जातात, आई म्हणायची, मी आधीच सातव्यावर आहे, आणखी किती वर जाऊ!

आईचं ठाणं म्हणजे चादरींची खोली. कर्मचाऱ्यांच्या लिफ्टला लागून, पाण्याचे नळ जिथून वरखाली जातात त्याला चिकटून. खिडकी नाही. छतापर्यंत चादरींचे गठ्ठे, एका बाजूला मळक्या कपड्यांचं पिंप, मध्ये उभं राहण्यापुरती जागा. गरम पाण्याचा नळ भिंतीतून जायचा, म्हणून खोली बारा महिने उबलेली. आणि त्या खोलीत दोघी, आई आणि तिची जोडीदारीण, जिला सगळे उंचबाई म्हणत. एक गठ्ठ्यावर टेकली की दुसरीने उभं राहायचं. जेवणाची जागा तळघरात होती, पण जेवायला अर्धा तास आणि लिफ्ट एक. जाता-येता वीस मिनिटं तिची वाट बघण्यात जायची. म्हणून दोघी तिथेच उभ्याउभ्या डबा खायच्या. आईने एकदा वर तक्रार केली की आत श्वास कोंडतो. महिन्याभराने कुणीतरी येऊन भिंतीवर समुद्राचं मोठं चित्र चिकटवून गेलं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

रविवारी जेवताना आई हमखास त्या खोलीवर घसरायची. "ज्या कुणी शहाण्याने ही खोली काढलीय ना, त्याला एक दिवस आत कोंडायला हवा. उन्हाळ्यातला. वरून कुलूप."

मामा पानातून डोकं वर करायचा नाही. मी हसायचे. मला वाटायचं, आपल्या साहेबांबद्दल ऐकून घ्यावं लागतंय म्हणून बिचारा गप्प आहे. आई त्याला चिडवायची, "का रे दादा, तुझ्याच ऑफिसातला असेल कोणीतरी. विचार की." मामा म्हणायचा, "विचारतो." अशी वर्षानुवर्षं.

आईच्या नोकरीला सोळा वर्षं झाली तेव्हा सुपरवायझरची जागा रिकामी झाली. ती आईलाच मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच आठवड्यात उंचबाई रजेवर होती. आईने एकटीने अख्खा मजला उरकला. शेवटची खोली सातशे पंचवीस, कॉरिडॉरच्या टोकाची. तिला दोन बाजूंनी उजेड होता आणि खाली नदीवरचा पूल दिसायचा. दुपारचे दोन वाजले होते, पाय भरून आले होते, पाहुणे संध्याकाळी येणार होते. आईने चपला काढल्या, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि डबा उघडला. पाहुणे तीन तास आधी आले.

नोटीस मिळाली. सुपरवायझरची जागा दुसऱ्याच एका मजल्यावरच्या बाईला गेली. आई रविवारी हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त भाजी वाढताना पळी भांड्यावर आपटत होती. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मामा जेवायचा थांबला होता. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, साहेबांना जाऊन सांगतो म्हणेल. तो म्हणाला, "नियम म्हणजे नियम. पाहुण्यांच्या खुर्चीत तू बसलीसच कशाला?"

आई म्हणाली, "चुकलंच माझं." आणि त्याला आमटी वाढली.

पुढे थोरले साहेब गेले, ऑफिस बंद पडलं. नकाशांच्या गुंडाळ्या भंगारात निघाल्या होत्या. मामाने हॉटेलच्या गुंडाळ्या घरी आणून पलंगाखाली सरकवल्या. मग आई निवृत्त झाली, आणि वर्षभरात हॉटेलही बंद झालं. पाडणार नव्हते, आतून नवं करणार होते. नव्या आर्किटेक्टांना मूळ नकाशे कुठेच सापडेनात. कुणीतरी त्यांना मामाचा पत्ता दिला.

त्यांच्या ऑफिसातली एक आर्किटेक्ट मुलगी आली तेव्हा मी तिथेच होते. शनिवारी मी मामाचं घर आवरायला जायचे. तिशीच्या आतली, हुशार, बोलायला चटपटीत. तिला बघून मामाने धुतलेला सदरा चढवला. पलंगाखालून गुंडाळ्या निघाल्या, आणि मामा तीस वर्षांनी तरुण झाला. हा हॉल बघा, मधे एकही खांब नाही. हे बटण बघा, वीतभर इकडे. मुलगी मनापासून ऐकत होती. मग तिने टिपिकल फ्लोअर पुढे ओढला आणि पेन्सिलीचं टोक लिफ्टच्या शेजारी टेकवलं.

"काका, बाकी सगळा मजला इतका सुरेख आहे. ही सर्व्हिसची खोली अशी का कोंबलीय? खिडकी नाही, हवा नाही. कुणी केलं असेल हे?"

मामाने त्या जागेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मला वाटलं, आता थोरल्या साहेबांचं नाव घेईल. मेलेल्या माणसावर ढकलायला काय लागतं?

"मी," तो म्हणाला.

आणि मग त्याने त्या परक्या मुलीला सगळं सांगितलं. घरच्यांना जे वर्षानुवर्षं सांगता येत नाही ते परक्याला दहा मिनिटांत सांगता येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. नकाशे पुरे झाले तेव्हा एका मजल्यावर चोवीस खोल्या बसल्या होत्या. बारा मजल्यांच्या मिळून दोनशे अठ्ठ्याऐंशी. मालक म्हणाले, दोनशे अठ्ठ्याऐंशी हा काय आकडा झाला? तीनशे म्हणा, ऐकायला बरं. थोरल्या साहेबांनी हात टेकले. दर मजल्यावर एक खोली आणायची कुठून? सगळे डोकं धरून बसले होते. मामा सव्वीस वर्षांचा होता. त्याला सुचलं. कॉरिडॉरच्या टोकाला चादरींची खोली होती, दोन खिडक्यांची. तिच्यात टेबल, बाकडं, शेजारी झाडू-बादल्यांची जागा. दोन्ही मिळून बरोबर एक पाहुण्यांची खोली होत होती. चादरींची खोली लिफ्टशेजारच्या खोबणीत ढकलली की झालं. त्याने विचारलंसुद्धा नाही. ब्लेड घेतलं, खरवडलं, नखाने घोटलं, आणि दुपारच्या आत नवा नकाशा साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली," मामा म्हणाला. "त्या दिवसापासून मला ब्लेड म्हणायला लागले." मग म्हणाला, "पाहुण्यांच्या खोलीचा नमुना बांधला होता आम्ही. झोपून बघितलं प्रत्येकाने. या खोलीचा नमुना कुणी बांधला नाही. मीही कधी आत जाऊन उभा राहिलो नाही. माझी सख्खी बहीण तिथे होती, तरी."

त्याने त्या मुलीला हात जोडले, खरंच जोडले. नव्या नकाशात ती खोली पुन्हा टोकाला न्या, खिडकीपाशी. हवे तेवढे नकाशे घेऊन जा.

मुलीला वाईट वाटलं. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, आता मजल्यांवर चादरींच्या खोल्याच नसणार. सगळं खालून ट्रॉलीने येईल." वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

ती गेल्यावर मी मामावर तुटून पडले. "आईला सांग."

"काय सांगू?"

"हिला सांगितलंस तेच."

"तिची नोकरी संपली आता. कशाला जुनं उकरायचं?"

"तू सांगतोस की मी सांगू?"

मी असं म्हणायला नको होतं. किंवा म्हणायला हवंच होतं. आजही माझं मला ठरवता येत नाही.

मामाने त्या मुलीकडे परवानगी मागितली. एका सकाळी अकरा वाजता आम्ही तिघं हॉटेलात गेलो. आईला एवढंच सांगितलं होतं की काम सुरू होण्याआधी एकदा बघून येऊ. ती नवं पातळ नेसून आली होती. स्वागतकक्षातले गालिचे गेले होते, दारांवर खडूने आकडे टाकले होते. चालू होती ती फक्त कर्मचाऱ्यांची लिफ्ट. "बघा," आई म्हणाली, "शेवटी माझीच लिफ्ट कामाला आली."

सातव्यावर बाहेर पडल्यावर ती सवयीने आधी चादरींच्या खोलीत शिरली आणि अंधारात न बघता बटणावर हात ठेवला. मजल्यावरची वीज तोडलेली होती. समुद्राचं चित्र एका कोपऱ्यातून सुटून लोंबत होतं. मामा दारातच उभा राहिला. मी म्हटलं, "आत ये की." तो आत आला. दोन मिनिटांत त्याच्या कपाळावर घाम आला, आणि गरम पाण्याचा नळ तर केव्हाच बंद झाला होता.

मग आम्ही टोकाच्या खोलीत गेलो. सातशे पंचवीस. पलंग, खुर्ची, काही उरलं नव्हतं. पडदे गेले होते, त्यामुळे उजेड नुसता ओसंडत होता. मामाने काखेतली गुंडाळी सोडली, मूळ ट्रेसिंग. खिडकीच्या काचेवर त्याने ती दोन्ही हातांनी पसरून धरली.

खोलीत आडवा धरून मी तो कागद कितीदा तरी पाहिला होता, कधी काही दिसलं नव्हतं. पण पाठीमागून ऊन आलं आणि खरवडलेली जागा बाकी कागदापेक्षा पातळ, उजळ दिसायला लागली. एकेक रेघ. टेबल. बाकडं. आणि मामाच्या वळणदार अक्षरातलं पुसलेलं नाव, 'चादरींची खोली'. आईने ते बोट ठेवून वाचलं.

"ही खोली तुझी होती," मामा म्हणाला. "मी खरवडली."

"बारा मजल्यांवर?"

"बारा मजल्यांवर."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. मलाच सुचलं."

आई खिडकीतून पुलाकडे बघत राहिली. मामाचे हात वर होते, कागद काचेवर दाबलेला, चोर पकडल्यासारखा उभा होता. मग आई म्हणाली, "मी इथे येणार हे तेव्हा तुला थोडंच माहीत होतं, दादा."

मामाने सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. मला वाटलं, झालं, एवढंच होतं तर.

"पण मला नोटीस आली तेव्हा माहीत होतं," आई म्हणाली.

मामाने कागद काचेवर आणखी दाबला.

"माहीत होतं ना?"

"हो."

"आणि तरी म्हणालास, नियम म्हणजे नियम. तू बसलीसच कशाला." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "खिडकीचं सोड. खिडकीवाचून कुणी मरत नाही. पण घरात तरी म्हणायचं होतंस ना, चूक तुझी नाही म्हणून. अकरा-बारा वर्षं मी स्वतःलाच खात बसले, की पाच मिनिटांच्या हौसेपायी हातची जागा घालवली. आणि तू शेजारी बसून जेवत होतास."

मामाचे हात काचेवरून खाली आले. हातातला कागद सुटला आणि आपोआप गुंडाळत खाली घरंगळला. आई वळली आणि लिफ्टकडे चालू लागली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी कुणाच्या मागे जावं हे न कळून मधेच उभी राहिले.

पुढचे पाच महिने मामा रविवारी आला नाही. आईने बोलावलं नाही. मी विषय काढला की ती उठून नळ सोडायची, पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येऊ नये म्हणून. पण रविवारी भात मात्र तिघांचा टाकायची. सवय म्हणावी तर आईच्या हाताचं माप कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. उरलेला भात सोमवारी आम्ही दोघी परतून खायचो, एकमेकींकडे न बघता.

मामाचे हात तोवर थरथरायला लागले होते. शनिवारी गेले की तो बोर्डावर वाकलेला दिसायचा. मला बघून वर कापड टाकायचा. मी म्हणायचे, या वयात कुणाचा बंगला काढतोयस? तो म्हणायचा, "गिऱ्हाईक फार कडक आहे." एका शनिवारी त्याने मला गुंडाळी दिली. नवा ट्रेसिंग पेपर, काळी शाई. हॉटेलचा टिपिकल फ्लोअर. त्याने पहिल्यापासून पुन्हा काढला होता, चोवीस खोल्यांचा. कॉरिडॉरच्या टोकाला दोन खिडक्यांची चादरींची खोली, आणि खिडकीजवळ टेबल आणि खुर्ची, दोन्हींवर नावं लिहिलेली. रेघा जागोजाग वाकल्या होत्या, शाईचे ठिपके पडले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एकही ठिपका खरवडला नव्हता.

"तिला दे," तो म्हणाला. "मी आणून दिलं तर घेणार नाही."

मी ती घरी आणली आणि कपाटामागे उभी करून ठेवली. आईचा मूड बघून देऊ म्हटलं. पहिल्या आठवड्यात तिचे गुडघे दुखत होते. दुसऱ्या आठवड्यात ती बरी होती, खुशीत होती, म्हटलं कशाला बिघडवा. मामा फोन करायचा. "दिलंस का?" मी म्हणायचे, "देते रे, घाई काय आहे?" तिसऱ्या आठवड्यातही त्याने फोन केला. त्या वेळी त्याने विचारलं नाही. नुसतं आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला. मामा झोपेतच गेला होता. त्याच्या पलंगाशेजारचं दिव्याचं बटण, पडल्या पडल्या हाताला येईल असं त्याने स्वतः बसवलेलं, तेवढं मला आठवतं. बाकी त्या दिवसाचं फारसं काही आठवत नाही. आई रडली नाही. त्याच्या घरातल्या चादरी काढून तिने धुतल्या, वाळवल्या आणि हॉटेलातल्यासारख्या कडा जुळवून घडी करून ठेवल्या.

सगळं उरकल्यावर मी कपाटामागची गुंडाळी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. तीन आठवडे माझ्याजवळ होती हेही सांगितलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण तिने पदराला हात पुसले आणि गुंडाळी जवळ ओढली. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या. त्या न मिळाल्याने ते ओझं अजून माझ्याकडेच आहे.

तिने चष्मा लावला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. बोट फिरवत ती लिफ्टपासून निघाली, सातशे एक, सातशे दोन, प्रत्येक दारावर क्षणभर थांबत, टोकापर्यंत पोचली. तिथे बोट 'खुर्ची' या अक्षरांवर टेकलं.

"एकच खुर्ची काढलीय," ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही.

"दोघी असायचो आम्ही. पाळीला नेहमी दोघी." तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "एवढी वर्षं माझ्या हातचं जेवला. तिथे किती जणी असता, कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मी नुसती त्या शहाण्याला शिव्या देत बसले."

मग ती उठली आणि ड्रॉवरमधून माझं बॉलपेन घेऊन आली. मी म्हटलं, "आई, अगं, शाईचं काम आहे ते." तिने लक्ष दिलं नाही. नकाशात सगळं वरून बघितल्यासारखं काढतात, खुर्ची म्हणजे नुसता एक लहानसा चौकोन. आईला ते कुठलं ठाऊक? तिने मामाच्या खुर्चीशेजारी एक खुर्ची काढली. पाठ आणि चार पाय असलेली, लहान मुलं काढतात तशी. एक पाय भिंतीच्या रेघेत घुसला.

मला हसू आलं. "मामाने हे पाहिलं असतं तर ब्लेड घेऊन धावत आला असता," मी म्हटलं.

आई पेनाचं टोपण लावत होती. ते काही केल्या बसेना.

"येऊ दे की," ती म्हणाली. "येऊ दे."